नेट स्लो म्हणून प्लॅन वाढवायच्या आधी : घरचं वायफाय, ब्राउझर आणि आपले उद्योग

ढेलज | १२ मे, रात्री ९:४०

मंडळी, आधी माझा मूर्खपणा सांगतो, मग प्रश्न विचारतो.

गाव अंबाजोगाईपासून पंधराएक किलोमीटरवर. घर आजोबांच्या काळातलं, माळवदाचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद. गेल्या वर्षी गावात फायबर आलं तेव्हा ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिट) प्लॅन घेतला. मुलीचे क्लास आणि माझं आठवड्यातले दोन दिवस घरून काम, एवढीच गरज. ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, नेट पळायचं, मधल्या घरात रांगायचं आणि स्वयंपाकघरात बसून जायचं. केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "सर, शंभरचा घ्या, मग बघा." घेतला. महिन्याला ३०० रुपये जास्तीचे. मधल्या घरात परत तेच. मीटिंगमध्ये साहेबांना माझं तोंड हलताना दिसायचं आणि आवाज पाच सेकंदांनी पोचायचा.

परवा मुलीनं फोनवर स्पीड टेस्ट लावली आणि घरभर फिरली. प्रत्येक ठिकाणी थांबून आकडा वहीत लिहिला. राउटरसमोर ९४, ढेलजेच्या दाराशी ७०, मधल्या घरात ६, चुलीपाशी २. वही माझ्यापुढं ठेवली आणि विचारलं, "बाबा, राउटर देवळीत कामून ठेवलाय?"

खरंच की. बसवणाऱ्याला तिथं प्लग जवळ सापडला, आणि आम्हाला वाटलं, किती मापात बसलंय! देवळी म्हणजे तीन बाजूंनी माती, वर दगड, आणि समोर आईची पितळी समई. अशा ठिकाणी यंत्र कोंबून मी वर्षभर कंपनीला शिव्या दिल्या.

आता सांगा, तुमच्या घरी काय काय केलंय? एक अट आहे. आधी फुकटातलं सांगा, दुकानातलं नंतर.

---

गोदाकाठ | १२ मे, रात्री १०:२५

तुमच्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. पंधरा वर्षं हेच काम करतोय नांदेडात. ऑफिसं असोत की हॉस्पिटलं, पहिल्या दिवशी आम्ही तेच करतो : हातात फोन, वहीत आकडे.

नेट स्लो हे ताप आल्यासारखं आहे. ताप कशाचा ते आधी बघावं लागतं. मी चार टप्पे धरतो. एक, बाहेरून घरातल्या डबीपर्यंतची लाईन (डबी म्हणजे फायबरची तार जिच्यात येते ती; कुठं राउटर तिच्यातच असतो, कुठं वेगळा). दोन, डबीपासून फोनपर्यंतचा हवेतला रस्ता. तीन, फोन किंवा लॅपटॉप आणि त्यातला ब्राउझर. चार, समोरची साइट. प्लॅन वाढवून फक्त पहिला टप्पा रुंद होतो. माझ्या अनुभवात घरगुती तक्रारी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या निघतात.

ओळखायचं कसं? लॅपटॉप घ्या, नेटची वायर थेट राउटरला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन बाजूला, आणि टेस्ट करा. वायरवर पूर्ण स्पीड मिळाला तर लाईन निर्दोष, केबलवाल्याला फोन करायचा नाही. वायरवरच कमी आला तर मात्र निवांत भांडा. तेव्हा आकडा आणि वेळ दोन्ही सांगा. "नेट चालंना" एवढ्यावर कुणी येत नाही.

एक खाचखळगा. प्लॅन १५० किंवा २०० चा आणि वायरवर नेमका ९४-९५ वर अडकतोय, तर तो राउटरचा किंवा लॅपटॉपचा १०० चा पोर्ट (वायर खोचायचं भोक) आहे. दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० चे, असूनही अडकत असेल तर वायर तपासा. नेटच्या वायरीत आठ तारा असतात. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. टोकाला एक तार जरी नीट दाबलेली नसली तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरते. चालू तर असतंच, म्हणून कुणाला कळत नाही.

आणि दुसरं. "१०० चा प्लॅन आहे पण डाउनलोड १२ नंच होतंय" असं रोज कुणीतरी म्हणतं. बरोबरच होतंय. कंपनी बिट सांगते, डाउनलोड बाइटमध्ये दिसतं. एका बाइटचे आठ बिट. आठनं भागा आणि शांत झोपा.

आता देवळीबद्दल. राउटर बाहेर काढा, घराच्या मध्यात, माणसाच्या डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवा. राउटरचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला जोरात पळतो पण भिंत आली की दमतो. २.४ वाला हळू, पण भिंत थोडीफार ओलांडतो. दोन हात मातीपुढं दोघांचंही फार चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे फोन कशावर बसलाय ते कळतं.

---

पत्र्यावरचा_पाऊस | १२ मे, रात्री १०:५०

आमचं जालन्यात उलटं. भिंती सहा इंची, पण वरच्या खोलीला पत्रे. राउटर खाली, पोरं वर. पत्रा वायफायला आरपार जाऊच देत नाही. फ्रिज, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, आरसा, सगळ्यांचा तोच गुण. आमच्याकडं राउटर टीव्हीच्या मागं होता. भिंतीवरून दोन फूट पुढं आणला, एवढ्यानंच वर दोन कांड्या वाढल्या.

आणखी एक. कॉलनीत वायफायची यादी उघडली तर २३ नावं दिसतात. सगळी २.४ वर आणि सगळ्यांचा चॅनल (पट्ट्यातली गल्ली) "ऑटो". तिथं १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत घुसत नाहीत. फोनमध्ये वायफाय अॅनालायझरचं एखादं अॅप टाकून बघा कुठं गर्दी कमी आहे, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पक्का करा. सेटिंगचं पान कसं उघडायचं ते राउटरच्या बुडाला चिकटवलेलं असतं. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१.

तिथं गेलातच तर अॅडमिनचा आणि वायफायचा, दोन्ही पासवर्डही बदला. आमच्या गल्लीत सगळ्यांचं वायफाय १ ते ८ आकड्यांवर उघडतं. बसवणारा तोच, पासवर्ड तोच.

---

हाव_बाप्पा | १२ मे, रात्री ११:१५

ढेलज भाऊ, समई का बाजूला केली नाही मग आधी 😄 देवाच्या कृपेनं तरी चालंल असं वाटलं असंल.

---

खांबावरचा | १३ मे, सकाळी ७:०५

मी केबलवाला. लातूर जिल्ह्यातली सात गावं बघतो. "शंभरचा घ्या" म्हणणारे आमच्यात आहेत, नाकारत नाही. पण आमची बी बाजू ऐका.

कारखाने सुरू झाले की ऊसाच्या ट्रॉल्या निघतात. दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, आणि रस्त्यावरून आडवी गेलेली आमची केबल. हंगामात एका आठवड्यात एकाच वळणावर तीनदा केबल गेली माझी. वानरं तर केबलला झोका समजायलेत. जेसीबीवाल्याला खाली काय पुरलंय ते खांदल्यावरच कळतं. हे सगळं झालं की घरातल्या डबीवर "एलओएस" नावाचा लाल दिवा लागतो, म्हणजे सिग्नल हरवला. लाल दिवा दिसला की राउटर दहा वेळा बंद-चालू करू नका. उजेडच येत नाही तिथं राउटर काय करणार? सरळ फोन करा आणि "एलओएस लाल आहे" एवढंच सांगा. आमचा अर्धा तास वाचतो.

पण फोन करायच्या आधी एकदा पिवळी किंवा पांढरी बारीक तार बघा. आत काच असते. तिला काटकोनात मुडपली, कपाटाखाली दाबली, खिळ्याला गुंडाळली की उजेड गळतो. एका घरी सुनबाईनं दिसायला बरं नाही म्हणून ती तार घडी घालून रबर बँड लावलं होतं. महिनाभर नेट यायचं-जायचं. रबर काढलं, झालं. ताटलीएवढी गोल गुंडाळी ठेवा, त्याच्यापेक्षा लहान नको. आणि टोक काढून डोळ्यानं आत बघू नका. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला लागतो.

ज्याला हौस आहे त्यानं राउटरच्या पानावर "आरएक्स पॉवर" बघावं. म्हणजे आत येणाऱ्या उजेडाचा जोर. आकडा उण्यात असतो. उणे २० च्या आसपास म्हणजे झकास. उणे २७ च्या खाली घसरलं की लाईन तुटक व्हायला लागते. हा आकडा सांगून तक्रार केली तर आम्ही पण सावरून बसतो.

---

पत्र्यावरचा_पाऊस | १३ मे, सकाळी ७:३०

दादा, लाईट गेल्यावरचं सांगा की. मी राउटरला छोटा यूपीएस लावला, तरी लाईट गेली की नेट जातं. मग १५०० रुपये कशाला घातले?

---

खांबावरचा | १३ मे, सकाळी ८:१०

ते गावागावावर आहे. जिथं ऑफिसपासून घरापर्यंत निव्वळ फायबर आहे तिथं मधल्या वाटण्या करणाऱ्या पेट्यांना करंट लागतच नाही. ऑफिसात जनरेटर आणि घरात तुमचा यूपीएस असला की गावात अंधार असला तरी नेट चालतं. पण कुठं कुठं खांबावरच्या पेटीत स्विच (घराघरांत नेट वाटणारं यंत्र) बसवलेला असतो, त्याला खांबाखालच्या घरातून लाईट दिलेली असते. त्या घरची लाईट गेली की वीस घरं गेली. तुमच्या केबलवाल्याला विचारा पेटीत काय आहे. उत्तर द्यायला का-कू केली तर समजून जा 😀

यूपीएस घेताना अॅडॉप्टरवरचं वाचून घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे, पण सगळे नाहीत. ९ वाल्याला १२ दिलं तर वास येतो, मग मला फोन येतो. डबी वेगळी आणि राउटर वेगळा असेल तर दोघांनाही करंट लागतो, हे बी लोक विसरायलेत.

आणि अवकाळीचे दिवस आहेत. गडगडायला लागलं की अॅडॉप्टर भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नाही, लाईटच्या वायरीतून येते. मागच्या एप्रिलमध्ये एका सांजंला माझ्याकडं अकरा जळके राउटर आले.

---

मास्तर_परभणी | १३ मे, दुपारी १:२०

सगळे राउटरवर बोलताहेत, मी तिसऱ्या टप्प्यावर येतो. वडील ७४ वर्षांचे. परवा म्हणाले, "फोनला रोग झालाय." बघितलं तर दर दोन मिनिटांनी वरून पट्टी खाली यायची : तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस. तुम्हाला बक्षीस लागलं. एका पट्टीवर बाईचा फोटो, ती दिसली की वडील फोन उलटा ठेवायचे. घरात सुना-नातवंडं, माणूस ओशाळून गेला होता. दोन महिने कुणाला बोलले नाहीत.

रोगबिग काही नव्हता. बातम्यांच्या साइटवर "नोटिफिकेशन पाठवू का?" असं विचारलं जातं, आणि आपल्या आधीच्या पिढीला "हो" म्हटल्याशिवाय बातमी वाचता येणार नाही असं वाटतं. ४१ साइट्सना परवानगी दिलेली होती. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं ती यादीच मिळते. सगळ्या बंद केल्या आणि वरचं मुख्य बटणही बंद केलं, म्हणजे इथून पुढं कुणी विचारणारच नाही. दहा मिनिटांचं काम.

अँटिव्हायरस टाका म्हणणारं जे काही ब्राउझरमध्ये उगवतं तेच बहुधा दुखणं असतं, हेही त्यांना कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलंय. कागदावर दुसरी ओळ आहे : पान अडकलं तर मागं जा, "ओके" दाबू नका.

इथं वाचणाऱ्या प्रत्येकानं आज आईवडिलांच्या फोनमधली ती यादी उघडून आकडा इथं टाकावा, अशी गृहपाठवजा विनंती.

---

हाव_बाप्पा | १३ मे, दुपारी २:०५

आईच्या फोनमध्ये २७. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये १४ निघाल्या मास्तर, आता काय सांगू.

---

किनवटकर | १३ मे, दुपारी ३:४०

सगळ्यात सोपा उपाय कुणीच सांगेना. डीएनएस १.१.१.१ करा. स्पीड दुप्पट होतो. मी केला आहे.

---

गोदाकाठ | १३ मे, दुपारी ४:१५

किनवटकर, दुप्पट होत नाही हो. डीएनएस म्हणजे नाव सांगितल्यावर नंबर शोधून देणारी वही. फोन लावायच्या आधी नंबर लवकर सापडला म्हणून पुढचं बोलणं काही भरभर होत नाही. कंपनीची वही सुस्त असली तर पान उघडायला लागणारा पहिला एक-दोन सेकंदांचा खोळंबा जातो, म्हणून "भारी झालं" असं वाटतं. व्हिडिओला, डाउनलोडला काडीचा फरक नाही.

तरी बदलावाच असं मीही म्हणतो, कारणं वेगळी. कंपनीची वही अधूनमधून बसते. मग नेट चालू असतं, व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो, पण एकही साइट उघडत नाही. तेव्हा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकलं की लगेच सुरू. ९.९.९.९ वाली वही माहितीतल्या घातक साइट्सचा नंबरच देत नाही. आणि घरात लेकरं असतील तर राउटरमध्ये १.१.१.३ टाका. घातक आणि प्रौढांच्या अशा दोन्ही साइट्स बऱ्यापैकी अडतात. पक्की भिंत नाही ती, कुंपण आहे.

---

किनवटकर | १३ मे, दुपारी ४:३०

ठीक आहे. पण मला तरी भरभर वाटतं.

---

गोदाकाठ | १३ मे, दुपारी ४:३२

वाटू द्या 🙂

---

सेवाकेंद्र_ताई | १३ मे, रात्री ९:३०

मी उदगीर तालुक्यात सेवा केंद्र चालवते. सातबारा, दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती, दिवसभर हेच. नेट स्लो म्हणून जे लोक माझ्याकडं येतात, त्यातल्या निम्म्यांच्या घरी नेट चांगलंच असतं. अडतं दुसऱ्याच ठिकाणी.

पहिली गोष्ट, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. बऱ्याच सरकारी साइट्स पावती किंवा उतारा नव्या खिडकीत उघडतात आणि ब्राउझर ती खिडकी अडवतो. पत्त्याच्या पट्टीत बारीक खूण येते, ती कुणी बघत नाही. परत परत बटण दाबतात. त्या खुणेवर टिचकी मारून त्या साइटपुरती परवानगी द्या.

दुसरी, जुनं पान. काल भरलेलं आज दिसत नाही, किंवा कॅप्चा बरोबर टाकूनही चूक म्हणतं. आधी खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत, उघडून बघा. तिथं चाललं तर त्या साइटच्या जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) पुसा. सगळ्या नका पुसू, नाहीतर दहा ठिकाणचं लॉगिन जातं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. इन्कॉग्निटो म्हणजे कुणालाच काही कळत नाही असा मात्र लोकांचा समज आहे, तो काढून टाका. तुमच्या मशीनवर खुणा राहत नाहीत एवढंच.

तिसरी, वेळ. शेवटच्या तारखेच्या दुपारी बारा वाजता माझ्यापुढं साठ माणसं आणि गोल फिरणारं चाक. तोच फॉर्म चार दिवस आधी सकाळी सहाला सात मिनिटांत होतो. तुमच्या १०० एमबीपीएसचा तिथं उपयोग नाही, गर्दी त्यांच्या दारात आहे.

चौथी सांगताना पोटात गोळा येतो. पैसे भरताना पान अडकलं की लोक रिफ्रेश करतात आणि दोनदा कापले जातात. थांबा. आधी बँकेचा मेसेज बघा, मग साइटवर "व्यवहार तपासा" असं काही आहे का ते बघा. मागच्या खरिपात एका आजोबांनी तीनदा भरले. परत आले सगळे, पण आठ दिवस ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायचे. हातात पिशवी, पिशवीत पासबुक. मी शटर वर करायची आणि ते न बोलता पासबुक पुढं करायचे.

पाचवी, पत्ता वाचणं. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हे चूक. चोराच्या घरालाही कुलूप असतं. सुरुवातीचं https:// सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी सगळ्यात शेवटी काय आहे ते वाचायचं. सरकारी असेल तर "डॉट गव्ह डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" तिथं शेवटी पाहिजे. "गव्ह-इन डॉट कॉम" असेल तर बंद करा. एकदा खरी साइट सापडली की बुकमार्क करा आणि पुन्हा शोधायच्या फंदात पडू नका, कारण शोधल्यावर वर येतात त्या बऱ्याचदा जाहिराती.

---

मोंढ्यातला | १३ मे, रात्री १०:२०

ताई, तुमच्या पाचव्यावर माझे १८,००० गेलेत. पार्सल अडकलं म्हणून कस्टमर केअरचा नंबर शोधला. वर आला तो लावला. गोड बोलणारा माणूस, मराठीत. "एक अॅप घ्या, मी बघून देतो." घेतलं. स्क्रीन त्याला दिसायला लागली. पुढं सांगत नाही.

एवढंच सांगतो, मी लाजेपायी दुसऱ्या दिवशी तक्रार केली. लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन केला असता तर पैसे मधेच गोठवता आले असते असं नंतर कळलं. नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा. आणि कंपनीचा नंबर कंपनीच्याच अॅपमधून किंवा बिलावरून घ्या. लाईट तोडणार म्हणून आलेली फाइल, लग्नपत्रिकेच्या नावानं आलेली फाइल, नावाच्या शेवटी "एपीके" (अॅप बसवणारी फाइल) असेल तर हात लावू नका.

---

सेवाकेंद्र_ताई | १३ मे, रात्री १०:३५

दादा, लाज वाटून घेऊ नका. माझ्याकडं शिक्षक, बँकेतले, सगळे येऊन गेलेत यासाठी.

---

कापूसकोंड्या | १४ मे, सकाळी १०:००

ब्राउझरवर माझी दोन पैशांची भर. जाहिरात-रोधक टाका. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, फोनवरच्या फायरफॉक्समध्येही चालतं. क्रोमनं नियम बदलल्यावर तिथं मूळचं चालत नाही, त्याचं लाइट रूप घ्यावं लागतं. बातम्यांची पानं जी पाच सेकंद उड्या मारत उघडायची ती लगेच स्थिर होतात, डेटाही वाचतो. मूळ प्रश्न "नेट स्लो" हाच होता ना? जाहिरातींनी फुगलेली पानं हे त्याचं मोठं कारण आहे.

बाकी रोजच्या सवयीचे : चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. लांब पानात शब्द शोधायला कंट्रोल आणि एफ. लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालवत असाल तर विंडोजमध्ये त्या जोडणीला "मीटर्ड" (मोजक्या डेटाची) करून ठेवा. नाहीतर शेतात बसून एक मेल पाठवायला जाता आणि तेवढ्यात अपडेट दिवसाचा डेटा गिळून बसतं.

---

वार्ताहर_धाराशिव | १४ मे, सकाळी ११:३०

कापूसकोंड्या, सगळ्यांनी जाहिराती अडवल्या तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? छोटं बातमी पोर्टल चालवतो. महिन्याला जाहिरातीतून येतात त्यात होस्टिंग आणि पेट्रोल निघतं. नळाला पाणी कधी येणार, बाजार समितीत सोयाबीन कितीनं गेलं, ही बातमी मुंबईचं चॅनल देत नाही.

---

कापूसकोंड्या | १४ मे, दुपारी १२:१०

मान्य. पण परवा तुमच्याच भागातल्या एका पोर्टलवर बाजारभाव बघायला गेलो तर आकड्यावर जाहिरात, ती बंद करायची फुली मुंगीएवढी, आणि फुलीला हात लागला की तिसरीच साइट. तुमचं असं नसेल तर नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. यूब्लॉकमध्ये एका साइटपुरतं बंद करायचं बटण असतं. तुमच्यासाठी करतो.

---

वार्ताहर_धाराशिव | १४ मे, दुपारी १२:२५

केला व्यनि. ती मुंगीएवढी फुली मलाही आवडत नाही. कंपनी देते तो कोड आम्ही चिकटवतो. बघतो, एखादी कमी करता आली तर.

---

ढेलज | १९ मे, रात्री ८:५०

आठवडाभर घराचा कारखाना करून ठेवला होता. खबर देतो.

आधी राउटर देवळीतून काढून ढेलजेतल्या तुळईखाली टांगला. चुलीपाशी २ चे ५ झाले. म्हणजे गोदाकाठ म्हणाले तेच, मातीपुढं चालत नाही. दुकानदार रिपीटर (वायफाय पकडून पुढं फेकणारं यंत्र) घ्या म्हणत होता. पण साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुढं बोलतो, त्यामुळं स्पीड साधारण अर्धा होतो. आणि मुळात ५ पोचत असेल तिथं तो अर्धा करून काय वाटणार?

मग जुना राउटर आठवला, आधीच्या कनेक्शनचा, माळ्यावर पडलेला. नेटची २५ मीटर वायर आणली. (शंभर मीटरपर्यंत चालते म्हणे.) भिंत फोडायला आईनं साफ नकार दिला. वायर ढेलजेतून माळवदावर आणि धुराड्याच्या शेजारच्या भोकातून मधल्या घरात उतरवली. माळवदावरचा तुकडा पाइपातून घेतला, ऊन आणि उंदीर दोन्हींसाठी. जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्यातलं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, आणि वायर त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून नेट आत यायचं भोक) न लावता साध्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायचं भोक) लावली. या तिसऱ्या गोष्टीत माझी अख्खी संध्याकाळ गेली. निळ्या रंगाचं भोक दिसलं की हात तिकडंच जातो.

मधल्या घरात आता ८८. चुलीपाशी ४१. शंभरचा प्लॅन या महिन्याअखेर परत ४० वर आणतोय.

पण खरी गंमत पुढं. हे सगळं करूनही संध्याकाळी सात ते नऊ मीटिंगमध्ये आवाज तुटायचाच. टेस्टमध्ये डाउनलोड झकास. मुलीनंच परत शोधलं : त्याच वेळेला बायको शाळेतून येते, तिचा फोन वायफायला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला घेतो. अपलोडची वाट तुंबली की मीटिंगचा आवाजही त्याच रांगेत उभा. तिच्या फोनमध्ये ते आपोआप चढवणं बंद केलं, आता रात्री झोपताना हातानं चालू करते. त्या दिवसापासून एकदाही "तुमचा आवाज तुटतोय" ऐकलं नाही.

---

गोदाकाठ | १९ मे, रात्री ९:१५

अपलोडचं मी सांगायला विसरलो होतो, माझी चूक. स्पीड टेस्टमध्ये "पिंग" आकडा (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) मोकळ्या वेळी बघा आणि कुणी अपलोड करत असताना बघा. १० चा ४०० झालेला दिसेल.

माळवदावरून वायर गेलीय ना? अवकाळीत गडगडलं की ती दोन्ही टोकांनी काढत जा. तांब्याची आहे ती, फायबर नाही.

---

ढेलज | १९ मे, रात्री ९:२०

आज दुपारीच काढली होती. आई आता ढग बघून हाक मारते, "तुझं दावं सोड रे."

---

मास्तर_परभणी | १९ मे, रात्री ९:४०

आमच्याही वरच्या खोलीला हेच करायचं आहे. वायर कुठल्या प्रकारची घेतली?

---

ढेलज | १९ मे, रात्री ९:५५

कॅट ६, शुद्ध तांब्याची बघून घ्या मास्तर. स्वस्तात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, ती वाकवली की तुटते. २५ आणली, ४ मीटर उरली आहे. अंबाजोगाईकडं आलात तर घेऊन जा.